बाजार मोजला, नदी राहिली

१७ मे

ऑफिसातल्या सरांचा फोन! वैनगंगेतल्या बारीक मासोळ्यांची तब्येत तीन आठवड्यांत सांगायची. जुने आकडे? नाहीत. माणसं? मी एकटी. हत्यार? फूटपट्टी. "कमी माहितीवर चालणारी पद्धत आहे, रंजीता." चालते ना! सर नागपुरात एसीत बसलेत, तिथं सगळंच चालतं.

२१ मे

चामोर्शीचा बाजार. खवली ही इथली बारीक मासोळी; तशा दोनशे खवल्या फूटपट्टीवर मोजल्या. पद्धत सोपी — मासे एकदा अंडी घालण्याइतके वाढून जाळ्यात येत असतील तर नदी ठीक. त्याआधीच येत असतील तर धोका. माझ्या खवल्या एकजात भरलेल्या, लेकुरवाळ्या! सर खूश. "नदीतला माशांचा साठा उत्तम. लिहून टाका."

२२ मे

मासे विकणाऱ्या सोमारीबाई पोट धरून हसल्या. "पोरी, मोठ्या मासोळ्या इकाले आणतो. बारीक घरच्या हंडीत जातेत. तू बाजार मोजून राह्यली, नदी नाई!"

एम.एस्सी. झालेय मी. मत्स्यशास्त्रात. प्रथम श्रेणीत.

२४ मे

सोमारीबाईंचे यजमान हरिदासभाऊ, मासेमार. सकाळी त्यांच्याबरोबर मार्कंड्याच्या देवळाखालच्या डोहावर गेले. तीन वेळा जाळं ओढलं. एकशे चाळीस खवल्या. अंडी घालण्याच्या वयाच्या किती? अकरा.

पुन्हा मोजल्या. अकराच.

"भाऊ, ही तर पिल्लं."

"मले दिसत नाई का? मी सोडलं तं दुसरा धरते. मासेमार सोसायटीत माह्यं कोण ऐकते? तुमचा कागद असला तं ऐकतीन."



२८ मे

सर म्हणाले, "नदीचे आकडे बाजाराशी जुळत नाहीत. नदीचे वगळा."

नदी वगळा!! माशांच्या अहवालातून!

३ जून

अहवाल गेला — "साठा उत्तम". मी सही केली नाही. सरांना तसं सांगितलं. डायरीत खोटं कशाला लिहू — घाबरले होते. मग स्वतः डोहाच्या आकड्यांचं एक पान लिहिलं, साध्या मराठीत. खाली माझं नाव, सही.

६ जून

मासेमार सोसायटीची बैठक. पान वाचलं. पंधरा मिनिटं आरडाओरडा. एक जण — "मॅडमले पाण्यात उतरता येते का?" नाही येत. सांगितलं तसं. सगळे हसले, मग जरा ऐकू लागले. सोमारीबाई मागून ओरडल्या, "पुढच्या साली काय फूटपट्टी शिजवान?"

ठरलं! डोहात पावसाळाभर जाळं नाही. हरिदासभाऊंनी आपलं जाळं सगळ्यांसमोर गुंडाळलं. रडू आलं मला. चष्मा पुसत बसले.

९ जून

सरांचा मेल. पहिली ओळ — उद्यापासून येऊ नका. दुसरी — डोहातली मासेमारी आपल्या ऑफिसच्या अहवालामुळे बंद झाली असं वर कळवलंय, तरी बैठकीचे फोटो तेवढे पाठवा.