वितळवल्याचा दाखला

३ डिसेंबर
आलो एकदाचे! कारखान्याच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या, त्याही बिनभाड्याच्या. बाबा आधी नाक मुरडत होते, पण आतल्या खोलीची गोदामाकडची भिंत कोमट आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच खाट तिला भिडवली. या थंडीत गुडघ्यांना फुकटचा शेक, स्वारी खूश! पलीकडे भट्टी असावी. इथे परदेशातून आलेल्या जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवतात. त्या घातक कचऱ्याचे परवाने, पावत्या, दाखले हे माझं काम.

५ डिसेंबर
नियम पाठ केले. कागदावरचा माल आणि कंटेनरमधला माल वेगळा निघाला, तर नव्वद दिवसांत तो पाठवणाऱ्याकडे परत. वितळवून झाला की आपण दाखला द्यायचा, फाइल बंद. इथली पद्धत मात्र अशी की माल उतरताच पोचपावती आणि दाखला, दोन्हींवर एकदम सही. व्यवस्थापक म्हणाले, माल भट्टीत जाणारच आहे, मग कागद कशाला अडकवायचा? माझ्या आधीचा कारकून न सांगताच निघून गेला म्हणे. त्याच्याकडून राहिलेल्या चाळीस पिंपांच्या कागदांवर मी सह्या करून टाकल्या.

९ डिसेंबर
भट्टी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे! आमच्या भिंतीपलीकडे फक्त ती चाळीस पिंपं आहेत. भट्टीवाल्याबरोबर जाऊन पाहिली. आत बॅटऱ्या नाहीतच, करडी भुकटी आहे. पिंपाला हात लावला, तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागलं. भट्टीवाला म्हणाला, तीनदा भट्टीत घातली, तिन्ही वेळा तशीच बाहेर आली, आता कोणी शिवत नाही. वडलांना त्या भिंतीपासून लांब ठेवा, असंही म्हणाला.

१० डिसेंबर
माल परत पाठवू म्हटलं, तर व्यवस्थापकांनी माझाच दाखला माझ्यापुढे सरकवला. चाळीस पिंपं पाच तारखेला वितळली, सही माझी. वितळलेला माल परत कसा पाठवणार? आयातीच्या कचेरीत फोन केला, तिथेही तेच उत्तर. वर गोड आवाजात विचारलं की दाखला खोटा होता का, कारण त्याला तुरुंग आहे. मी फोन ठेवला. भाजीसुद्धा मी उलटसुलट बघून घेते, आणि ही सही डोळे मिटून ठोकली. स्वतःचाच राग राग येतोय.

१३ डिसेंबर
बाबा खाट हलवू देत नाहीत. दहा वर्षांत पहिल्यांदा हाडं गप्प बसलीत म्हणतात. त्यांची पाठ करडी झालीय. साबणाने जात नाही, घासणीनेही नाही. ते झोपल्यावर मी खाट ओढून पाहिली. एवढासा काटकुळा माणूस, पण खाट इंचभर सरकली नाही.

१६ डिसेंबर
डॉक्टर येऊन गेले. मी पिंपांचं सांगितलं. त्यांनी ऑफिसला विचारलं, उत्तर आलं की असा माल आवारात नाही. डॉक्टरांनी ‘वार्धक्य’ लिहिलं. मी आरडाओरडा केला, तर मलाच झोपेच्या गोळ्या दिल्या.

१८ डिसेंबर
खाटेचे पाय मोडले. बाबांना दवाखान्यात न्यायला चार जण आले, चौघांनाही ते उचलेनात. आठवडाभर त्यांनी घास घेतलेला नाही. पोट भरलंय म्हणतात.

२० डिसेंबर
घातक कचऱ्याच्या सरकारी तपासनिसांना पत्र लिहिलं. दाखला खोटा आहे, सही माझी आहे, येऊन बघा. तुरुंग तर तुरुंग. बाबा वाचले पाहिजेत, बाकी काही नको.
आज ते बोलले नाहीत.

२२ डिसेंबर
तपासनीस आले. गोदाम उघडलं. चाळीस पिंपं, झाकणं घट्ट. आत काही नाही. चिमूटभरही नाही. पुसून ठेवल्यासारखी.
दाखला खरा ठरला. त्यांनी माझं कौतुक केलं.
भिंत आता गार आहे. बाबा गरम —

२३ डिसेंबर
दिवसभर त्यांच्या शेजारी जमिनीवर. हात हातात धरून. माफी मागितली. ऐकू आलं की नाही — डोळे उघडे आहेत, पापणी हलत नाही —
माझा तळवा करडा. धुतला. पुन्हा धुतला —

२४ डिसेंबर
नवा कंटेनर आला. व्यवस्थापक कागद घेऊन घरीच आले. पोचपावती, दाखला. म्हणाले, तुम्ही बसूनच सही करा, उठायची तसदी नको.
मी ते फाडून त्यांच्या तोंडावर फेकणार होते. उठायला गेले, तर —