मामांचा फेटा आणि तीन देशांचे कायदे

निरगुडसर,
४ फेब्रुवारी २००१

ती. प्रतिभाताईस, गोरखचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या भावाचं तोंड इंग्रजांनी बंद केलं! बैलगाडा शर्यतींचं जे पान मी इंटरनेटवर काढलं होतं, ते गायब झालंय. त्यात एवढंच लिहिलं होतं, की शर्यतीच्या घाटात घड्याळ लावायला बसलेले कुशाबामामा फेटा सावरत राहिले, गाडा सुटताना घड्याळ उशिरा दाबलं आणि म्हणून सावळेरामच्या बैलांचा पहिला नंबर आला. खाली सही ‘एक गाडाशौकीन’. मामांनी मला लगेच ओळखलं. त्यांच्या मुलानं, सुभाषदादानं, ज्या इंग्रज कंपनीकडे पान ठेवलं होतं तिला लंडनहून तक्रार धाडली आणि कंपनीनं मला न विचारता पान काढून टाकलं.

वर मामा म्हणतात, की तुझ्या लग्नाला येनार न्हाई. मग बोहल्यावर माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? आई सारखी डोळ्यांना पदर लावते. ताई, काहीतरी कर.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
गोरख

न्यू जर्सी,
१९ फेब्रुवारी २००१

चि. गोरखास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना, मग आईच्या आठवणीनं आवरलं. अरे, इंग्लंडात तक्रार आल्यावरही मजकूर ठेवला तर बदनामीची जबाबदारी कंपनीच्या गळ्यात पडू शकते. ती कशाला तुझ्यासाठी कोर्टाची पायरी चढेल? इथे अमेरिकेत दुसऱ्यानं लिहिलेल्याबद्दल सहसा कंपनीला धरत नाहीत. तू पत्रासोबत धाडलेलं पान मी इथल्या कंपनीकडे चढवलंय. आता सुभाषदादा कितीही पत्रं लिहू दे.

पण जर्मनीत असताना आमच्या ऑफिसच्या पानावर कायद्यानं नाव-पत्ता टाकावाच लागायचा. तेव्हा मला आपला घाट आठवायचा. तिथेही निकालावर हरकत असली, तर माणूस माइकवर आधी आपलं नाव-गाव पुकारतो. तू का रे लपलास? अमेरिकेचा कायदा पान वाचवील, मामांना बोहल्यापर्यंत आणणार नाही. ते तुलाच जमवायचंय.

लाडक्या पण आगाऊ भावाची,
ताई

निरगुडसर,
११ मार्च २००१

ती. ताईस सा. न. वि. वि.

जमलं! पानावर माझं पूर्ण नाव, गाव घातलं आणि मामांकडे गेलो. ते म्हणाले, की बोलायचं तर बोल, पर तोंड दावून बोल, आमी काय वाघ व्हतो का? मला फार लाज वाटली. मग त्यांना मंचरच्या इंटरनेटवाल्याकडे नेलं आणि म्हटलं, मामा, निम्मं पान तुमचं.

त्यांनी असं काही सांगितलं, की माझी टाइप करताना बोटं दुखली. म्हणे, फेटा सावरत नव्हतो, फेट्यात गांधीलमाशी शिरली होती! म्हणजे घड्याळ उशिराच दाबलं, हे त्यांनीच जगजाहीर केलं. मी तसंच टाइप केलं. सावळेरामनं ते वाचून पहिला नंबर त्या माशीच्या नावे केलाय. आता बाजारच्या दिवशी मामा कोणी उत्तर लिहिलंय का बघायला जातात.

लग्नाला येताहेत. पाठीशी उभे राहणार, पण अट एकच: मंगलाष्टकं माइकवर तेच म्हणणार. ताई, त्यांचा आवाज तुला माहीत आहे. तो बंद करायला कुठल्याच देशाचा कायदा नाही, आणि असता तरी मी लावला नसता.

लग्नाला ये, कानात कापूस घेऊन ये. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
गोरख, मुक्काम पोस्ट निरगुडसर (नाव-गाव पुकारून)