एडिताबाईंचा आवाज

५ जून
नोकरी लागली! एकतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवून निवृत्त झालेल्या बाईला आता कोण विचारतंय, असं थोरली बहीण फेलीसाताई रोज चिडवायची. आज तिच्यासाठी बाजारातून केळीच्या पानात वाफवलेला गोड चिकट भात, आपला बुडबुड, आणि गरम चॉकलेट नेलं. तिला दिसत नाही, अंथरुणातून उठताही येत नाही, पण वास लगेच ओळखला. म्हणाली, "काय गं, नोकरी लागली की लग्न ठरलं?"
ऑफिस आमच्या दुमागेते गावातच, समुद्राकाठी आहे. मॅनेजर चारमेन माझीच विद्यार्थिनी निघाली. मला पाहताच सगळ्यांसमोर उठून उभी राहिली. काम सोपं आहे. मोबाइलवर स्लॉट, म्हणजे पैसे लावून चित्रं जुळवायचा खेळ, खेळणाऱ्या नवख्यांना खेळाचे प्रकार आपल्या बिसाया बोलीत समजावायचे, आणि ते रेकॉर्ड करून द्यायचं.

९ जून
आधी स्वतः शिकले. तीन चाकांचा जुना खेळ: चेरी, घंटा, सात, एकच ओळ जुळवायची. पाच चाकांच्या खेळात ड्रॅगन, राजकन्या, सगळी गोष्टच असते आणि जुळायच्या वाटा वीस-पंचवीस. कोसळणाऱ्या खेळात जुळलेली चित्रं फुटतात, वरून नवी पडतात, आणि आपणच काही कर्तबगारी केली असं वाटतं. चौथ्यात सगळ्यांच्या पैशातून एक मोठं बक्षीस साठत जातं. मिळतं एखाद्यालाच. शिवाय प्रत्येक खेळाचा स्वभाव वेगळा: कुणी थोडं थोडं सारखं देतो, कुणी खूप दिवस काहीच देत नाही आणि मग एकदम देतो.
मग जिंकायचं कशात, असं विचारलं. चारमेन हसली. म्हणाली, प्रत्येक फेरी वेगळी असते बाई, मागचीचा पुढचीशी काही संबंध नाही, आणि शेवटी फायदा खेळाचाच. हे मात्र रेकॉर्डिंगमध्ये नको.
मीही नाही घातलं.

१४ जून
दिवसभर काचेच्या खोलीत वाचन. आकडे, सुटे शब्द, हसणं, समजूत घालणं. "चुकलं तर चुकलं बाळा, परत कर." हे वाक्य तर मी आयुष्यभर म्हणत आलेय. शेवटी एका कागदावर सही घेतली. कागद वाचला नाही.

२६ जून
मासळीवाली साल्विंग आज म्हणाली, "बाई, काल खेळात तुम्ही मला नावानं हाक मारलीत! म्हणालात, नवरा समुद्रावर गेलाय, तोवर बस जरा." मी असलं काही रेकॉर्ड केलेलं नाही. चारमेनला विचारलं, तर म्हणे नवी वाक्यं मशीन जुळवतं. "आवाज तुमचा, मेहनत मशीनची. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे बाई."
अर्ध्या गावाला मीच मोजायला शिकवलंय. विश्वास असणारच.

३ जुलै
साल्विंगनं खेळायला पैसे हवेत म्हणून होडीचं इंजिन विकलं होतं, घरात न सांगता. नवरा वल्ही मारत गेला, वाऱ्यात सापडला. होडी मिळाली. तो नाही.
भेटायला गेले. वाटलं, तोंडावर थुंकेल. तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "बाई, आता कोणता खेळू?"

४ जुलै
आवाज काढून टाका म्हणून भांडले. चारमेननं सहीचा कागद पुढे सरकवला. राजीनामा दिला. ती म्हणाली, तुम्ही खुशाल जा बाई. आवाज इथेच राहील. या वेळी ती उठून उभी राहिली नाही.

९ जुलै
ताईच्या खोलीतून माझं हसणं ऐकू आलं. मी तर स्वयंपाकघरात होते.
रेडिओ ऐकायला मीच दिलेला फोन तिच्या उशाशी होता. ती म्हणाली, तू रोज दुपारी ऑफिसातून बोलतेस ना, कुठे दाबायचं ते सांगतेस. घरी आल्यावर मात्र खेकसतेस. "फोनवरची तू बरी."
मग म्हणाली, आई लवकर जाऊ दे म्हणून तू देवाजवळ रडली होतीस, ते सांगितलंस हे बरं केलंस.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही. या वहीतही लिहिलेलं नाही.

११ जुलै
फोन धक्क्यावरून समुद्रात फेकला. बुडताना पाहिला.
परत आले, तर ताई बोलत होती. मध्ये थांबत होती, ऐकत होती, पुन्हा बोलत होती.

१२ जुलै
मी बोलले की ताई म्हणते, गप्प, एडिता सांगतेय.
माझा घसा बसलाय. शब्द येतात, पण आवाज— शेजारीण म्हणाली, कोण बोलतंय?

१३ जुलै, दुपार
पाव आणायला गेले तेवढ्यात दाराला आतून कडी. ताईला उठताच येत नाही, मग कडी कुणी—
पायरीवर बसून लिहितेय.
दार ठोठावलं. मी आहे ताई, एडिता, असं म्हणाले. घशातून नुसती घरघर निघाली. ताईनं विचारलं, "बाहेर कोण आहे गं?"
आतून माझ्या आवाजात, तिसरीतल्या पोराला समजवावं तसं, अगदी शांत उत्तर आलं. "कुणी नाही ताई. थांब, मी बघते."
चपला सरकल्याचा आवाज. दाराकडे येतेय. ताई अजून पलंगावरूनच बोलतेय, मग ही पावलं—
कडी