शाहीदच्या नावाचा डबा

नवीन पनवेल

अजीज भाऊ शाहीद यास,

थोरल्या जमालचा सलाम आणि अम्मीच्या ओंजळभर दुआ. इकडे सगळे खुशाल. अम्मीचे गुडघे दुखतात, पण तुझी तक्रार करताना अजिबात दुखत नाहीत. कुवेतच्या उन्हात डोकं सांभाळ. (माझ्या डोक्याचं काय झालं ते खाली लिहितो.)

तुझ्या भाभीने, म्हणजे हव्वाबीने, घरात प्लास्टिकबंदी केली आहे. सरकारची बंदी आपण सगळ्यांनी मिळून पचवली, पण हव्वाबीची काही पचत नाही. मी पडलो विसरभोळा. परवा स्कूटरवरून बाजारात गेलो, रंभाबाई कोळणीकडे मांदेली घेतली आणि सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला. ती म्हणाली, "तुमच्या बायकोनी सांगलाय, पिशवी द्याची नाय. डबा हाय का?" डबा नव्हता, हेल्मेट होतं. (हसू नकोस, आत केळीचं पान घातलं होतं.) ते हँडलला अडकवून निघालो, तर पुलाखाली हवालदाराने अडवलं. हेल्मेट काय शोभेला आहे का, डोक्यात घाला, म्हणाला. मी त्याला आत बघायला सांगितलं. बराच वेळ बघून त्याने मांदेलीचा भाव विचारला, आणि पावती फाडलीच.

घरी हे कळल्यावर अम्मीने माळ्यावरून तुझा शाळेतला स्टीलचा डबा काढायला लावला. झाकणावर तुझं नाव कोरलेला, तोच. आता रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली रीत. मधल्या काळात ती मोडलीच होती (हॉटेलचा तो पातळ प्लास्टिकचा डबा कोण परत करतो?). अम्मीने शेजारच्या मोनालीला तुझ्या डब्यातून सांदणं पाठवली, डबा भरली वांगी घेऊन आला. वांग्यांना उत्तर म्हणून हव्वाबीने खीर पाठवली. तेव्हापासून तो बिल्डिंगभर फिरतोय आणि माझ्या पँटचं बटण लागत नाही. डबा दिसला की पोरं जिन्यातून ओरडतात, "शाहीद आला, शाहीद आला!" पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अम्मी गुडघे विसरून दारापर्यंत धावली. दारात डबा होता. ती पदराने झाकण पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं रे.

एका ठिकाणी मात्र हव्वाबीचं काही चाललं नाही. गेल्या दोन्ही ईदला तू आला नाहीस, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती सामान पाठवलंस. ते ज्या चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्यांतून आलं, त्या अम्मीने घडी घालून गादीखाली ठेवल्यात. हव्वाबी मागायला गेली तर म्हणाली, "तो कचरा नाही, माझ्या लेकाने त्या हातात धरल्यात." हव्वाबी रिकाम्या हाती परत आली. आता गादी झटकताना तीच त्या काढते आणि पुन्हा नीट लावून ठेवते. (एवढी काळजी ती माझ्या शर्टांची घेत नाही.)

बाकी सगळं ठीक. वेळेवर जेवत जा.

तुझा भाऊ,
जमाल

ता. क. चॉकलेटं पाठवू नकोस. वेष्टनांवरून घरात भांडणं होतात.

आणखी एक ता. क. आपल्या गल्लीतला शहजाद कुवेतला येतोय. त्याच्याबरोबर तो डबा पाठवतोय, आत अम्मीच्या हातच्या खोबऱ्याच्या वड्या. वड्या खा, डबा घासून ठेव. रिकामा परत करायचा नाही हे तुला सांगायला नको. काय भरायचं ते तुझं तू बघ, पण अम्मीने निक्षून सांगितलंय, या खेपेला डबा कोणाच्या हाती पाठवायचा नाही. पोरं जिन्यातून ओरडली की तिला पुन्हा धावायचंय.