चौथ्या फेरीतल्या त्या ठोशाबद्दल

प्रिय गुंड्या,

ताई दुपारच्या गाडीने निघतेय, तिच्याच हाती हे पत्र देतेय. तिने वाचलेलं नाही, पाकीट मी चिकटवलंय. तुझ्याशी बोलायला तीनदा फोन घेऊन बसले आणि तिन्ही वेळा जेवलास का, वजन किती भरलं, झोप लागते का, एवढंच विचारून ठेवून दिला. तोंडाने जमत नाही मला. लिहिताना निदान तू मध्येच “आई, पुरे गं” म्हणू शकत नाहीस.

इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेते. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी वाचायला मी त्यांचाच चष्मा लावते. नंबर जुळत नाही, दोन पानांत कपाळ ठणकायला लागतं. ताई रागावते, नवा करून देते म्हणते. मी आज-उद्या करते. त्याच चष्म्यातून परवा तुझी मुलाखत वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. फोटोत तू अगदी त्यांच्यासारखा दिसतोस, मान तशीच खाली घालून, जसा काही समोरचा माणूस तुझ्याहून ठेंगणा आहे.

तू म्हटलंयस की शनिवारच्या किताबाच्या लढतीची तुला भीती वाटत नाही. रिंगमध्ये जायच्या आधी तू डोक्यावर टॉवेल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतोस, आणि मला जिंकव असं देवाकडे कधी मागत नाहीस. “एकदा जे हातात दिलंस ते काढून घेऊ नकोस,” एवढंच म्हणतोस. मग तू एकोणिसाव्या वर्षीची ती निवडीची लढत सांगितलीस. तीन फेऱ्या मार खाल्लास, आणि चौथीत उजवा हात तुझा राहिलाच नाही, कोणीतरी दुसऱ्यानेच तो फिरवला. तेव्हापासून तू एकटा कधी रिंगमध्ये गेला नाहीस, असं तू म्हणालास. बातमीदाराने त्यावर किती छान लिहिलंय. मी पेपर घडी करून उशीखाली ठेवला आणि सकाळी तिथून काढून कपाटात टाकला. उशीखाली तो मला टोचत होता.

ती लढत तुला जशी आठवते तशी मलाही आठवते, फक्त तिच्या आधीची संध्याकाळ तुला माहीत नाही. तेव्हा मी इस्पितळात हाडांच्या विभागात मदतनीस होते, प्लास्टरच्या खोलीत. पट्टी पाण्यात बुडवून डॉक्टरांच्या हातात द्यायची, हे माझं काम. कोरडी असताना ती साध्या बँडेजसारखी मऊ असते. ओल लागली की दगडासारखी टणक होत जाते. हे मी बाबांना जेवताना कितीदा तरी सांगितलं असेल, नुसतं गप्पा म्हणून.

समोरचा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. आदल्या दिवशी त्याने एकाला दुसऱ्याच फेरीत आडवा केला, ते मी पाहिलं होतं. त्या पडलेल्या पोराची आई माझ्या पुढच्याच रांगेत बसली होती. घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, माझं पोर असं पडलेलं मला बघवणार नाही. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, “तुमच्याकडची एखादी पट्टी मिळेल का गं?” मी कशाला असं विचारलं नाही. मला कळलं होतं. पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली घालून आणली. ग्लोव्हच्या आत तुझ्या मुठीच्या हाडांवर जी कापडाची छोटी गादी बसते, तिच्या दोन थरांमध्ये त्या पट्टीचा तुकडा घालून मीच शिवली. टाके बारीक घातले, बाहेरून दिसू नयेत म्हणून. तपासणाऱ्या पंचाने तुझी मूठ नुसती दाबून पाहिली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून पुढे गेला. इतकी वर्षं पोरांना शिकवणारे कोच, त्यांच्यावर कोण संशय घेणार? बाकीचं काम तुझ्या घामाने केलं, तीन फेऱ्यांत.

लढत संपल्यावर बाबांनी घाईघाईने तुझ्या हाताच्या पट्ट्या कापून खिशात कोंबल्या. तू आपल्या हाताकडे बघत होतास. बाबा, माझ्या हातात काय होतं हो, असं विचारलंस. मी दारात उभी होते. ते म्हणाले, “देव होता.” तू रडायला लागलास आणि तेही रडले. तू त्यांचं रडणं आनंदाचं समजलास.

त्यानंतर त्यांनी सरळ तुझ्या तोंडाकडे पाहून तुझं कौतुक केलेलं मला तरी आठवत नाही. तुला वाटायचं, बाबा कडक आहेत. कडक कसले, ते चोरासारखे वागत होते, आणि मीही. सांगायचं आम्ही दर वर्षी ठरवत होतो. ही लढत होऊ दे, मग सांगू. मग पुढची आली. असं करत ते गेले. एक मात्र खरं, त्या दिवसानंतर तुझी प्रत्येक पट्टी बांधताना मी समोर बसले, आणि ते गेल्यावर तुझ्या नव्या कोचने बांधतानाही बसले. तुला वाटायचं आईला हौस आहे. मी पहारा करत होते. त्या सगळ्या लढती तुझ्या आहेत, स्वच्छ हाताच्या. तुझा देव खोटा, असं मी म्हणत नाही. तेवढी माझी लायकी नाही. तो ठोसा त्याचा नव्हता, एवढंच मला ठाऊक आहे.

आता हे आजच का, ते सांगते. काल दुपारी दार वाजलं. चौथ्या फेरीतल्या त्या ठोशाने ज्याचा जबडा मोडला, तोच उभा. आता लिफ्ट दुरुस्त करतो, अंगावर कामाचे कपडे, खिशात तुझ्या मुलाखतीचं कात्रण. “काकू, ओळखलंत का?” म्हणाला. चहा केला, बिस्किटं दिली. त्याने बुडवून बुडवून खाल्ली. म्हणाला, “चावायला जमत नाही अजून. पण बायको खूश आहे, भांडणात मी लवकर थकतो.” मी हसले, गुंड्या. हसू शकले. मग म्हणाला, बारा वर्षं मला कळत नव्हतं, जिंकत आलेली लढत मी हरलो कसा. खेळच सोडला, स्वतःला भेकड समजत राहिलो. हे वाचलं आणि छातीवरचा दगड उतरला. देवाकडून मार खाल्ला, त्यात कसली लाज? शनिवारी मी पण तुमच्या मुलासाठी प्रार्थना करणार. हे सांगायला म्हणून तो दोन बस बदलून आला होता. आणि मी त्याला विचारलं, अजून थोडा चहा घेतोस का?

तो गेल्यावर ठरवलं, याला सगळं सांगायचं. रविवारी जाऊ, तुझी लढत होऊन जाऊ दे. आणि मग लक्षात आलं, हे तर आमचंच जुनं वाक्य. म्हणून रविवारी नाही, उद्या सकाळीच जाणार आहे, तो आठला कामावर निघतो त्याच्या आधी. तो ओरडेल, पेपरवाल्यांना सांगेल, किंवा काहीच बोलणार नाही. शनिवारी लढायचं की नाही, हेही तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण ही गोष्ट तुला त्याच्याकडून किंवा पेपरातून कळू नये, त्याच्या एक रात्र आधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र.

रागावलास तरी तुझीच,
आई