वाकड्याच्या नावाचा परवाना

३ ऑगस्ट

ती. मामास,

सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट बघून डोळे शिणले, म्हणून मीच लिहायला बसले. मामीच्या चिठ्ठीवरून कळलं की गुडघा पुन्हा कुरकुरतोय आणि तू त्याला मलम लावायचं सोडून बंदुकीला तेल लावत बसतोस. धन्य आहेस.

इकडे दवाखान्यात नेहमीची धांदल. परवा एका कुत्र्याने आख्खा मोजा गिळला होता. मी दोन तास खपून तो बाहेर काढला, तर मालकीणबाईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? धुतला तर वापरता येईल का, कारण दुसरा घरी तसाच पडलाय. मी हसू दाबायला हात धुवायला निघून गेले.

आता मुद्द्याचं. दुपारी आम्ही सगळे एकत्र डबा खातो. तिथे आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शिकाऱ्यांनी जनावरांवरच्या प्रेमाच्या गोष्टी करू नयेत, प्रेम असलं की माणूस मारत नाही. मी मोठ्या ऐटीत म्हणाले की माझा मामा चाळीस वर्षं, तिकडे कायद्याने चालते तशी, परवान्याने शिकार करतो आणि त्याच्याइतकं जनावरांवर प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. सगळ्यांनी विचारलं, ते कसं काय? आणि मामा, मी अर्धा डबा झाकून पुढचा पेशंट बघायला पळाले.

हा प्रश्न मी दहा वर्षांची असल्यापासून तुला विचारायचा राहिलाय. तेव्हा धीर झाला नाही, आता तिशी उलटली. तूच सांग. थट्टेवारी नेऊ नकोस.

मामीला नमस्कार. आहे तो लोभ उत्तर देताना चिडलास तरी आटू देऊ नकोस.

तुझी,
खार

१९ ऑगस्ट

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. मोज्याच्या ठिकाणी इतकी हसली की चहा उतू गेला. फोन का करत नाही म्हणून मागे रागावली होतीस, तर बाई, फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते आणि गुडघ्याने संप पुकारलाय. पत्रच बरं.

तुझ्या डॉक्टरीणबाईंशी मला वाद घालता येणार नाही. मी शिकलेला माणूस नाही, बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. मी तुला फक्त वाकड्याचं सांगतो.

वाकड्या म्हणजे ओढ्यापलीकडचा हरणाचा नर. त्याचं डावं शिंग दरवर्षी कानाकडे वाकूनच येतं. आठ वर्षं मी त्याला ओळखतो. त्याचं खोकणं मला कळतं. पाऊस लागला की तो कुठल्या झुडपाआड बसतो ते मला ठाऊक आहे, आणि मी कुठल्या दगडाआड बसतो ते त्याला. दरवर्षी हरणाची शिंगं गळून पडतात, हे तुला मी शिकवायला नको. त्याचं डावं शिंग मी दरवर्षी शोधून आणतो. अशी सात शिंगं ओटीच्या भिंतीवर ओळीने टांगली आहेत. मामी म्हणते, आमच्या लग्नाचा एक फोटो त्या भिंतीवर नाही, पण ह्यांच्या वाकड्याचा मान बघा.

ह्या वर्षी वनखात्याने मला एका नराचा परवाना दिलाय. मी तो वाकड्यासाठी घेतलाय.

लगेच पेन उचलू नकोस, पुढे वाच. त्याच्या लेंडीत गवताच्या अख्ख्या काड्या येतात. म्हणजे दात संपले. दोन हिवाळ्यांपूर्वी असाच एक म्हातारा नर मी ओढ्याकाठी पाहिला होता. पुढ्यात गवत होतं आणि तो उपाशी मरत होता. वीस दिवस लागले त्याला. वाकड्याच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही. एक गोळी, त्याला आवाजही ऐकू येणार नाही. माझा नियम तुला माहीत आहे. खात्री नसेल तर बंदुकीच्या घोड्याला बोट लावायचं नाही, आणि जखमी जनावर रानात सोडून घरी यायचं नाही.

याला प्रेम म्हणतात की आणखी काही, ते तुमच्या टेबलावर ठरवा. मला दुसरा शब्द सुचत नाही.

गुडघा बरा आहे. डोळेही ठीक आहेत, मामी काहीबाही लिहील त्याकडे लक्ष देऊ नकोस. वेळ काढून ये. तुझ्या पायगुणाने ओटी तरी झाडली जाईल.

तुझा,
मामा

१ सप्टेंबर

ती. मामास,

सा. न. वि. वि.

तू पेन उचलू नकोस म्हणालास, म्हणून दहा दिवस थांबले.

आधी वाकड्याबद्दल. असं शिंग बहुधा मागच्या पायाच्या जुन्या दुखापतीने वाकतं. डावं शिंग वाकडं तर उजवा पाय. तो चढणीवर उजव्या पायाने लंगडत असणार. बघ, न पाहताही मला त्याचं थोडंफार कळतं. दातांचं तू म्हणतोस ते मला पटलं, आणि पटलं याचाच राग येतोय.

आता दुसरं. मी दहा वर्षांची होते, सुट्टीत तुझ्याकडे होते. तू एक मादी मारलीस आणि तिच्यामागे गवतात पिल्लू होतं, ते तुला दिसलं नव्हतं. आपण दोघांनी त्याला बाटलीने दूध पाजलं. अकरा दिवस जगलं ते. त्या अकरा दिवसांमुळे मी जनावरांची डॉक्टर झाले, हे तुला मी कधी सांगितलं नाही. त्यानंतर तू एकाही मादीवर बंदूक उचलली नाहीस, हेही मला माहीत आहे. पण मामा, तेव्हा तुझे डोळे चांगले होते. चांगल्या डोळ्यांनाही पिल्लू दिसलं नव्हतं.

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. ओळी उजवीकडे जाताना वर चढतात आणि कागदाच्या कडेला शब्द एकमेकांवर बसलेत. दोन वर्षांपूर्वीचं पत्र काढून शेजारी ठेवलं. त्यात अक्षर सुतासारखं सरळ आहे. कुत्र्यांचे, घोड्यांचे मोतीबिंदू मी रोज बघते. उजव्या बाजूचं तुला धड दिसत नसणार, आणि नेम तू उजव्याच डोळ्याने धरतोस.

माझी एकच विनवणी आहे. गोळी झाडण्याआधी डोळा तपासून घे. डॉक्टर ठीक म्हणाले तर मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. मी रजा काढून येते, तुझा हात धरून नेते. हवं तर बाहेर आल्यावर माझ्या कुत्र्यांना देते तसं बिस्कीटही देईन.

रागावलास तर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
खार

१७ ऑक्टोबर

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. टेकडीवर जाऊन फोन केला असता, पण बोलताना मला रडू फुटेल आणि तुला काहीच कळणार नाही.

परवा सकाळी तुझ्या मामांनी वाकड्यावर गोळी झाडली. ती नीट लागली नाही. तो जखमी होऊन रानात गेला. हे परवा दिवसभर आणि काल दिवसभर त्याच्या मागावर होते. अंधार पडल्यावर घरी आले, बुटांसकट खुर्चीत बसले, उजाडताच पुन्हा गेले. दोन दिवसांत पोटात चहाखेरीज काही नाही. गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. मी म्हटलं, वनखात्याच्या माणसांना बोलवू या, त्यांच्याकडे माग काढणारी कुत्री आहेत. तर म्हणाले, मी केलंय ते मीच निस्तरणार.

तुझं पत्र आलं तेव्हा हे हसून म्हणाले होते की खारीला आता सगळीकडे मोतीबिंदूच दिसतात. मीही हसले. तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. मला दिसत होतं गं. चहा कपाबाहेर ओतायचे आणि माझ्यावर खेकसायचे. घरातल्या माणसाचं म्हातारपण आपण बघूनही बघत नाही.

काल ते म्हणाले की रक्त कुठलं आणि सुकलेलं पान कुठलं ते कळत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने स्वतःला काही कळत नाही असं कधी म्हटलं नव्हतं.

तू ये. तुझी औषधांची पिशवी आण. जनावरासाठी की ह्यांच्यासाठी, ते इथे आल्यावर बघू.

तुझी,
मामी

२६ ऑक्टोबर

ती. मामास,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तू फाटकापाशी उभा होतास, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. घरात आपण तिघंही मीठ दे, दिवा घालव, एवढंच बोललो. म्हणून लिहिते आहे. आपण दोघं वाकड्याच्या मागावर गेलो त्या सकाळी तुला धड दिसत नव्हतं. मी जे पाहिलं ते तुला कुणीतरी सांगायला हवं.

तू पानं उचलून माझ्यापुढे धरत होतास आणि लाल की तपकिरी एवढंच विचारत होतास. मी सांगत होते. पण वाट मी काढली नाही. दुखणाईत झाला की तो पाण्याकडे जाणार, आणि पाण्याकडे गेला तर लव्हाळ्यातच जाणार, चढणीवर उजवा पाय साथ देत नाही म्हणून खालच्या अंगानेच जाणार, हे तू मला चालता चालता सांगितलंस. तो तिथेच होता.

तो बसला होता. मान वर होती. गोळी पोटात लागली होती आणि जखम चिघळली होती, वास वीस पावलांवरूनच येत होता. हे मी तुझ्यासाठी मऊ करून लिहिणार नाही. तीन दिवस तो तसा होता. आपल्याला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि त्याला उठता आलं नाही.

तू बंदूक उचललीस. तू खाली केलीस, पुन्हा उचललीस, पुन्हा खाली केलीस. मी पिशवीतून इंजेक्शन काढलं. तेव्हा तू म्हणालास की मांस माणसाच्या कामाचं राहिलं नाही, पण कोल्ह्याकावळ्यांच्या तरी पोटात जाईल, मी औषध टोचलं तर ते खाऊन तेही मरतील. मी डॉक्टर, मला हे पाठ आहे, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या अवस्थेत तुला कोल्हे आठवले.

मग तू बंदूक माझ्या हातात दिलीस. मी नऊ वर्षांची असताना तू मला डबड्यावर नेम धरायला शिकवलं होतंस. पिल्लू मेलं तेव्हापासून मी बंदुकीला हात लावला नव्हता. काळीज कुठे असतं हे मला तुझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे. एक गोळी. त्याचं डोकं हळूच खाली गेलं, बस्स.

तू टोपी काढून त्याच्या शेजारी बसलास आणि त्याच्या मानेवर हात ठेवलास. अंग गार पडेपर्यंत काढला नाहीस. मी म्हाताऱ्या कुत्र्यांना शेवटचं इंजेक्शन देते तेव्हा असाच हात ठेवते. मला वाटायचं, ही माझी स्वतःची सवय आहे. ती कुठून आली ते मला लव्हाळ्यात कळलं.

मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. मागचे दात हिरड्यांपर्यंत गुळगुळीत झाले होते. हिवाळा त्याने काढला नसता. त्याच्याबद्दल तू रेसभरही चुकला नव्हतास, मामा. स्वतःबद्दल चुकलास.

मला तुझा राग आलाय आणि तुझी फार आठवण येतेय, दोन्ही एकदमच. डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तारीख मामीला कळवली आहे. या वेळी विनवणी नाही.

लोभ पूर्वीसारखाच आहे, तो तपासून बघायची गरज नाही.

तुझी,
खार

१४ डिसेंबर

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर सरळ आहे का बघ. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, पट्टी निघाली. मामीच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तसं बोलून गेलो, तेव्हापासून घरात फक्त वरण उकळल्याचा आवाज येतोय. तू समेट घडवायला ये.

बंदूक ऑपरेशनच्या आधीच जमा केली होती. परवाना कचेरीतला कारकून भला माणूस. म्हणाला, काका, डोळा सुधारला की डॉक्टरांचा दाखला आणा, परवाना पुन्हा चालू करून देतो. मी त्याला चालू करू नकोस म्हणून लिहून दिलं. त्याने कारण विचारलं. कारण लिहायच्या रकान्यात मावलं नसतं, म्हणून तुला लिहितो.

डोळ्याचं मला मार्चपासून माहीत होतं. डबड्यावर नेम धरला की डबडी दोन दिसायची. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांनी कचेरीला कळवलं असतं. मग परवाना रद्द झाला असता, आणि वाकड्या दुसऱ्या कुणाच्या तरी गोळीने गेला असता. ते मला सहन होत नव्हतं. मला वाटायचं, तो माझा आहे. खात्री नसेल तर घोड्याला बोट लावायचं नाही, हा नियम मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितला आणि आपल्या लाडक्या जनावरापाशी मोडला.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना सांग की शिकारी प्रेम करतो. मी केलं, ते खोटं नव्हतं. पण आदर असता तर मी आधी डोळे दाखवले असते. त्याला एक गोळी तरी नीट मिळावी एवढा त्याचा हक्क होता, तो मी दिला नाही. तुझ्या हातून मिळाला. लव्हाळ्यात मी तुला हे सांगायला हवं होतं.

लव्हाळ्यातून मागाहून आणलेला त्याचा जबडा पुसून, कापडात गुंडाळून पाठवतो आहे. शिकाऊ डॉक्टरांना दाखव, दात संपले म्हणजे काय ते त्यांना कळेल. तो कुणाचा, कसा गेला, हेही लपवू नकोस. माझं नाव घे.

आठव्या वर्षाचं डावं शिंगही मी तेव्हाच आणलं होतं. मामीने भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. चार दिवस ते हातात घेऊन बसलो. भिंतीवरची सात त्याने स्वतःहून टाकलेली आहेत. हे त्याने टाकलं नव्हतं. काल सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून, हातात फक्त काठी घेऊन लव्हाळ्यापर्यंत गेलो आणि ते तिथे ठेवून आलो. खारी शिंगं कुरतडतात, तुला माहीतच आहे. कुरतडू दे.

खिळा तसाच आहे. मामी विचारते त्यावर लग्नाचा फोटो लावू का, आणि मी हो म्हटलंय.

माझ्यावरची माया अजून शाबूत आहे असं तू लिहिलंस, ते मी नव्या डोळ्याने पुन्हा एकदा वाचून घेतलं.

तुझा,
मामा