मृत्यूची तारीख : येता गुरुवार

२ जून, बेंगळुरू
आले एकदाची! आमच्या सागर गावाहून बसने अंग आंबलं, पण मल्लेश्वरमची खोली छान आहे, खिडकीशी बुचाचं झाड. ऑफिसात सुमंगला अक्काने आपली अक्की रोट्टी, तांदळाची भाकरी, अर्धी मोडून माझ्या ताटलीत टाकली. म्हणाली, शर्वाणी पुट्टी, इथे लाजलीस तर उपाशी मरशील.

काम सोपं आहे. गावोगावच्या मृत्यूनोंदी सरकारी डेटाबेसमध्ये घालायच्या. माझा प्रोग्राम त्यांच्या एपीआयकडे, म्हणजे नोंदी घेणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामकडे, एकेक नोंद पाठवतो. तिकडून उत्तर येतं, स्वीकारली किंवा नाकारली.

९ जून
काही नोंदी नाकारल्या गेल्या. मृत्यूची तारीख अजून उजाडलेलीच नाही म्हणून! अक्का हसली. गावचे कारकून तारखा ठोकून देतात म्हणे. आमचे साहेब हेब्बार सर, त्यांनी सांगितलं, विनंतीत ‘तारीख तपासू नये’ असा पर्याय असतो, तो लाव. लावला. सगळ्या सुरळीत आत गेल्या. सरांनी मैसूरपाक वाटला.

१६ जून
येलहंकापलीकडच्या गावातून चिक्कय्या नावाचे म्हातारे आले. पेन्शन बंद झालं होतं. म्हणाले, तुमचं मशीन म्हणतं मी मेलो. मग सकाळी माझ्या बायकोशी भांडलं कोण? सगळे खो खो हसलो. नोंद उघडली तर मृत्यू येत्या गुरुवारी, पाण्यात बुडून. दुरुस्ती पाठवली. नाकारली; मला फक्त नवी नोंद घालायचा अधिकार आहे. अक्का म्हणाली, राहू दे, मी बघते.

२० जून
काम झालं का विचारायला चिक्कय्यांना फोन केला. बायकोने उचलला. काल शेततळ्यात सापडले.

गुरुवार होता काल.

२१ जून
पुढची तारीख घालून आलेल्या सगळ्या नोंदी काढून फोन केले. तारीख उलटलेल्या घरांत रडारड. जिथे उलटलेली नाही, तिथे माणूस स्वतः फोन उचलतो आणि विचारतो, कोण बोलतंय?
सगळ्यांच्या जमिनी नव्या रस्त्यालगत. सगळ्या नोंदी मीच घातलेल्या.

फक्त अक्काला सांगितलं. तिने मला पोटाशी धरलं, रडली. म्हणाली, सोमवारी दोघी पोलिसांकडे जाऊ, तोवर कुणाला बोलू नकोस, गावी तुझ्या अप्पांनाही नाही. माझ्याकडच्या प्रती तिने सांभाळायला नेल्या.

२३ जून
अक्का आली नाही. फोन उचलत नाही. माझा पासवर्ड चालेना. दुपारी मोबाइलही बंद पडला. सिमच्या दुकानदाराने मशीनवर माझा अंगठा घेतला आणि गोंधळून म्हणाला, मॅडम, हे आधार कार्ड तर मेलेल्या बाईचं आहे.

सायबर कॅफेत जाऊन मृत्यूनोंदींच्या सरकारी साइटवर माझं नाव शोधलं. शर्वाणी हेगडे. मृत्यू : २५ जून. कारणाचा रकाना रिकामा — अजून ठरलं नसेल. माहिती देणार : सुमंगला. नातं : बहीण.

बहीण!

माझाच प्रोग्राम. तोच पर्याय लावून पाठवलेली. तिला तो मीच तर समजावून सांगितला होता, हौसेने.

२४ जून, चन्नपट्टण
अत्तेच्या, अप्पांच्या बहिणीच्या, घरी आले. चौकीत गेले होते. हवालदाराने स्क्रीन पाहिली, मग मला. म्हणाला, नाव खरं सांग. निघून आले. अत्तेच्या फोनवरून अप्पांना एवढंच सांगितलं, इथे आहे, बरी आहे. घाबरवायचं कशाला त्यांना —

२५ जून
अत्ते देवळात गेली. कडी लावून बसले.

अत्ते फोन घरीच ठेवून गेली होती, त्यावर अप्पांचा फोन आला. खुशीत होते. म्हणाले, तुझी सुमंगला अक्का किती काळजी करते गं! भांडून निघून गेलीस म्हणून रडत होती. मी पत्ता दिला, येतेच आहे तुला न्यायला.

मी ओरडले. त्यांना वाटलं, लाईन खराब आहे.

फाटक वाजलं. ऊन लख्ख आहे, समोरच्या बाया पापड वाळत घालतायत — त्या तिला वाट दाखवतायत —

हाक मारते आहे. लाडाने. पुट्टी, उघड बाळा. मागे हेब्बार सर. आणखी दोघे —

मागच्या दाराला बाहेरून कडी. आत्ताच लावली कुणीतरी.

अप्पा, तुमची चूक नाही. मलाही कुठे कळलं होतं, की ती —